पांढऱ्यापासून सुरुवात

तिसऱ्या वेळीही तेच झालं. मतीनचा ठोसा निघाला, आणि तो अर्ध्यावर असतानाच समोरच्या बाईची मूठ त्याच्या हनुवटीखाली येऊन थांबली, कातडीला न लागता. बोटभर अंतर असेल, कदाचित त्याहून कमी. मग ती मूठ मागे गेली. बाई दोन पावलं मागे सरकली, वाकली आणि तिने बाहीने कपाळ पुसलं.

पाहणाऱ्यांना यातलं काही दिसलं नव्हतं. भिंतीला टेकून बसलेल्या पोरांना एवढंच दिसलं की दोघं एकदम पुढे झाले आणि एकदम मागे आले. राजकुमार सर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून फोनवर कुणाला तरी जिल्हा स्पर्धेची तारीख सांगत होते. त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

"कसं काय, मतीन?"

"बेसिक वेगळे आहेत सर. स्टान्स फार उंच आहे. पाय जवळजवळ पडतात."

"मग?"

"पांढऱ्यापासून सुरू करावं लागेल."

सरांनी मान डोलावली आणि फोन पुन्हा कानाला लावला.

स्टान्सबद्दल मतीन जे बोलला त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. बाई खरोखरच उंच उभी राहत होती. या कराटे क्लासमध्ये पुढचा गुडघा पार वाकवून, पाय लांब टाकून उभं राहायला शिकवत. तिच्या दोन पावलांत जेमतेम दीड फूट अंतर होतं. मतीनने ते नजरेने मोजलंही होतं. फक्त त्याला विचारलेला प्रश्न तो नव्हता.

दुसऱ्या क्लासमधून, दुसऱ्या शैलीतून कुणी आलं की त्याच्याशी एक लढत घ्यायची आणि आणलेला बेल्ट राहू द्यायचा की खाली उतरवायचा ते ठरवायचं, अशी तिथली रीत होती. लढत मतीन घ्यायचा. सरांनंतर क्लासमध्ये ब्लॅक बेल्ट तोच. आलेली बाई ब्राउन बेल्ट बांधून आली होती, म्हणजे काळ्याच्या एक पायरी खाली. नाव वंदना, वय अठ्ठावीस, माहेर रोहिणखेड. नवरा हर्षल पुण्याला कंपनीत, ती खामगावात सासूसासऱ्यांजवळ.

"वंदनाताई, आमच्याकडे पांढऱ्यापासून सुरुवात करावी लागेल," मतीन म्हणाला. ती वाद घालील असं धरून त्याने दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. वेगळी शैली, वेगळे काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, नियम सगळ्यांना सारखा.

त्यातलं एकही वापरावं लागलं नाही. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिने कमरेची गाठ सोडली, बेल्टची घडी केली आणि पिशवीत अगदी तळाशी सारली. वर पाहिलं नाही.

"हो सर," ती म्हणाली.

त्या 'हो सर'ने मतीनचा पुढे फार काळ पिच्छा पुरवला. तिला कळलंय, असं त्याला वाटायचं. आपण हरलो हे तिला कळलंय, आपण ते लपवलं हेही कळलंय, आणि ती आपल्यावर दया करून गप्प बसली आहे.

क्लास एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या गोदामात भरायचा. फरशी कितीही धुतली तरी सरकीच्या तेलाचा वास जात नसे आणि उन्हाळ्यात पाय जरा चिकटत. रांगा बेल्टप्रमाणे लागायच्या. पहिल्या रांगेत ब्राउन, मग निळे, हिरवे, आणि सगळ्यात मागे पांढरे. पांढऱ्यांत बहुतेक तिसरी-चौथीतली पोरं. त्यांच्यामागे वंदना उभी राहायची, त्यांच्यापेक्षा हातभर उंच. पोरांच्या सुटलेल्या गाठी बांधून द्यायची. एकदा एका पोट्टीने तिला विचारलं, "काकू, तुम्ही एवढ्या मोठ्या, अन् नापास झाल्या का?" वंदना हसली आणि म्हणाली, "हाव ना बाई. अभ्यास कमी पडला." मतीन तेव्हा पलीकडे एका पोराचा गुडघा नीट वाकवत होता. त्याने तो गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

दिवसा तो कापसाच्या जिनिंग कारखान्यात नोकरीला होता. फिजिक्समध्ये बीएस्सी झाल्यावर मिळालेलं काम. कापसाची गाडी आली की मशीनची लांब सुई ढिगात खुपसायची, ओलावा किती टक्के ते वाचायचं आणि ओरडून सांगायचं; ओलावा जास्त तर भाव कमी. शेतकरी भांडत, विनवण्या करत, कुणी चहाला बोलवत. मतीनने आकडा कधी अर्ध्यानेही इकडचा तिकडे केला नव्हता. जिनिंगमध्ये त्याचं नाव होतं ते त्याचसाठी. संध्याकाळी तोच मतीन गोदामात काळा बेल्ट आवळून बांधायचा आणि जोड्या लावताना वंदनासमोर स्वतः उभं राहायचं टाळायचा. चौदा महिन्यांत एकदाही उभा राहिला नाही.

तिचा हात दिसत का नाही, हे मात्र त्याला शोधून काढायचं होतं. तो तिला लांबून पाहत राहिला. तीन आठवड्यांनी त्याला उमगलं. इथली सगळी मुलं ठोसा मारायच्या आधी खांदा किंचित उचलत. तो स्वतःही उचलायचा. समोरच्याला सूचना मिळते ती तिथून. वंदनाचा खांदा हलतच नव्हता. आधी पुढचा पाय नुसता घसरायचा, मूठ त्याच्यामागून यायची. घरी गच्चीवर त्याने फोन विटेला टेकवून स्वतःचं चित्रण केलं, संथ करून पाहिलं, खांदा खाली ठेवायची सवय लावली. बुलढाण्याच्या स्पर्धेत दोन लढती त्याने त्या एका गोष्टीवर जिंकल्या. परतल्यावर राजकुमार सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुठून काढलंस रे?"

"असंच सर. प्रॅक्टिस."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतूनही टाळ्या आल्या. तिकडे पाहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. वंदना मनापासून टाळ्या वाजवत होती.

आणखी एक गोष्ट होत होती, आणि ती त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नव्हती. वंदना बिघडत चालली होती. दर चार महिन्यांनी परीक्षा व्हायची. ती पिवळा, मग नारिंगी, मग हिरवा अशी इमानेइतबारे चढत होती. परीक्षेत लांब स्टान्सला गुण, म्हणून पाय लांब टाकायला शिकली. ठोसा कमरेपासून ओढून दाखवायला शिकली. तिसऱ्या परीक्षेत तिने खांदा उचलला. मतीनने कागदावर तिच्या नावापुढे 'सुधारणा चांगली' असं लिहिलं, आणि लिहिताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

जानेवारीतल्या एका सोमवारी राजकुमार सरांनी त्याला क्लासनंतर थांबवून घेतलं. मुलींच्या एका निवासी शाळेला स्वसंरक्षण शिकवायला बाई हवी होती. कायम नोकरी, वसतिगृहात राहायची सोय. शाळेने सरांकडे नाव मागितलं होतं; ब्राउन किंवा त्याच्या वरचा बेल्ट, आणि क्लासचं पत्र.

"मलिहाचं देतो," सर म्हणाले. "पण ती वंदना परवा भेटली. तिले फार मन आहे त्या नोकरीचं. सासराही जाऊ द्यायले तयार आहे म्हने. बेल्ट हिरवा आहे, पण तू म्हणशील तर खास परीक्षा घेऊन ब्राउन देऊन टाकू. तिचं वय आहे, पोरींना ती सांभाळील. तिले पहिल्या दिवसापासून तू पाहून राह्यला. कशी आहे?"

मलिहा एकोणीस वर्षांची, ब्राउन बेल्ट, मतीननेच पहिल्यापासून शिकवलेली. तिचे काता पाहायला लोक थांबत. पण समोरून खरा ठोसा आला की ती डोळे मिटायची.

मतीनला उत्तर माहीत होतं. ते दिलं तर पुढचा प्रश्नही माहीत होता: मग तिला पांढऱ्यावर का उतरवलं?

"अजून कच्ची आहे सर," तो म्हणाला.

"बरं. मग गुरुवारी संध्याकाळी मलिहाचं पत्र देऊन टाकतो."

घरी जाताना त्याने गाडी दोनदा बंद पाडली.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास वरवट बकालच्या शेतावरून आलेली कापसाची एक छोटी गाडी वजनकाट्याशी लागली. सकाळी धुकं पडलं होतं, त्यामुळे सगळ्यांचेच आकडे चढे येत होते. मतीनने सुई खुपसली.

"अकरा."

"अकरा?" ढिगाजवळ उभ्या असलेल्या धिप्पाड म्हाताऱ्याने धोतराचा सोगा सावरला. "काऊन बे अकरा? तुह्या मशीनले सर्दी झाली का?"

"काका, तीन ठिकाणी घातली. अकरा, साडेदहा, अकरा."

"चौथ्या ठिकानी घाल. तथी आठ सापडन."

हमाल हसले. म्हातारा त्यांच्याकडे पाहून आणखी रंगात आला. "थो पाहा, शेजारच्या गाडीचा कापूस काल पान्यात पोहून आला, त्याले दहा. अन् माहा कापूस घरात गादीवर झोपला, त्याले अकरा!"

"मामाजी, राहू द्या."

गाडीच्या केबिनमधून वंदना खाली उतरली. अंगावर रोजची साडी होती, डोक्याला रुमाल. तिला दिवसा, क्लासच्या पांढऱ्या कपड्यांशिवाय मतीनने कधी पाहिलं नव्हतं.

"राहू द्या मामाजी. सर खोटं नाही सांगत."

मतीनच्या हातातली सुई ढिगातच राहिली.

"हा तुहा सर?" तिच्या सासऱ्यांनी, पंजाबरावांनी, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मले वाटलं सर म्हंजे कोनी पयलवान असन. हा तं मशीन उचलूनच दमला." मग एकदम हात जोडून म्हणाले, "रागावू नका सर. आमची सून घरात आम्हाले फुकट धाकात ठेवते. तुमी तिले पगारी करा म्हनत होतो, पन थे काही जमलं नाही म्हने."

"मामाजी, काट्यावर जा बरं तुमी. नंबर लागला."

पंजाबराव कुरकुरत काट्याच्या खिडकीकडे गेले. गाडीजवळ दोघंच उरले. वंदनाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सर, मलिहाचं पत्र आज देनार हायेत ना?"

"हो. संध्याकाळी."

"बरोबरच हाय थे. मी काही त्याच्यासाठी नाही आली." ती थांबली. "एक सांगाचं होतं. लय दिवसाचं राह्यलं. आता क्लासले येनं होते की नाही माहीत नाही, म्हनून सांगून टाकते."

मतीन वाट पाहत राहिला. आता ती बोलेल, असं त्याला वाटलं; चौदा महिने जे बोलली नाही ते. त्याला भीती वाटली, आणि थोडं बरंही वाटलं.

"थो ब्राउन बेल्ट माहा नव्हता, सर."

"म्हणजे?"

"अकोल्याहून इकत आनला होता. खेळाच्या दुकानातून." तिचे कान लाल झाले होते. "आमच्या रोहिनखेडले गुलाम रसूल चाचा होते. थे जवानीत बाहेरगावी कुठं कुठं राहून शिकून आले होते. आमच्या आळीतल्या पोट्ट्या त्यायच्या अंगनात शिकत. हिंदूच्या, मुसलमानाच्या, सगळ्या. नऊ वर्षं शिकली मी. पन चाचा बेल्ट देत नव्हते. कोनी मागतला तं म्हनत, नाडी पक्की बांधा, बाकी काही लागत नाही." ती जराशी हसली, मग हसू गेलं. "लग्न होऊन अथी आली. तुमचा क्लास पाह्यला. म्हनलं, बिगर बेल्टाची बाई पाहून कोन उभं करन? मंग दुकानदाराले विचारलं, काळ्याच्या खाली कोनता असते म्हनून."

एक ट्रॅक्टर हॉर्न देत मागून गेला. ती थांबली, तो जाईपर्यंत.

"तुमी पहिल्याच दिवशी ओळखलं," ती म्हणाली. "तीन वेळा मुद्दाम आत येऊ देल्लं मले, पाहासाठी. अन् मोठ्या सरायले सांगतलं काय, तं स्टान्स उंच हाय. खोटा बेल्ट बांधून आली, हे नाही सांगतलं. एवढ्या पोरासोरांत माही इज्जत राखली तुमी. लाजेनं वर पाहू शकली नाही मी त्या दिवशी. म्हनून कधी काही मागतलं नाही तुमाले. म्हनलं, देतीन थे घ्याचं."

मतीनने सुई बाहेर ओढली. तिला चिकटलेला कापूस काढला. मशीनचा आकडा शून्यावर आला होता.

मान हलवली तर पुरेल, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. 'असू द्या ताई,' एवढं म्हटलं तरी झालं. ती उपकार मानत गाडीत बसेल. संध्याकाळी पत्र जाईल. तिच्या लेखी तो जन्मभर भला माणूस राहील, आणि ती स्वतःच्या लेखी जन्मभर खोटा बेल्ट बांधलेली बाई.

"येऊ दिलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्हाला आत. मी येऊ दिलं नव्हतं."

तिला समजलं नाही. तो चेष्टा करतोय असं समजून ती हसली. "काहीबी काय सर. तुमी ब्लॅक बेल्ट."

"तिन्ही वेळा मला तुमचा हात दिसलाच नाही. थांबला तेव्हा दिसला." त्याने मशीन दुसऱ्या हातात घेतलं. "तुमचा बेल्ट खरा की खोटा, मला काही माहीत नव्हतं. मला वाटलं, खराच आहे. मी हरलो, ते कुणाला कळू नये म्हणून तुम्हाला पांढरा दिला. बुलढाण्याला जिंकलो ते पण तुमचंच पाहून. आणि सोमवारी सरांनी तुमच्याबद्दल विचारलं. तुम्हाला ब्राउन द्यायला तयार होते ते. मी म्हणालो, कच्ची आहे."

वंदनाने गाडीच्या फळीला हात टेकवला. फळीच्या फटीतून कापूस बाहेर आला होता. तिने त्यातला बोटभर ओढला, त्यातली सरकी नखाने काढली, मग दुसरी. काट्याच्या खिडकीशी पंजाबराव कारकुनाला काहीतरी ऐकवत होते आणि लोक हसत होते.

"चौदा महिने," ती म्हणाली.

मतीनने मशीन बंद केलं.

"चौदा महिने त्या पोट्ट्यायच्या रांगेत उभी राह्यली मी. रोज मनात म्हने, शिक्षा हाय, भोगली पाह्यजे. चाचायनं शिकवलं थे चुकीचंच असन, म्हनून पाय लांब टाकाले शिकली." तिने कापूस खाली टाकला. "चाचा वारले मागच्या पावसाळ्यात. मी गेली नाही भेटाले. काय तोंड दाखवाचं, म्हनलं."

"वंदनाताई, मी आज संध्याकाळी क्लासमध्ये सरांना स्वतः..."

"फोन लावा."

"सर आता झोपले असतील. संध्याकाळी नक्की..."

"आता लावा. माह्यासमोर."

तिने त्याला सर म्हटलं नव्हतं. आवाजही चढवला नव्हता. पाय जवळ घेऊन, सरळ, उंच उभी होती. मतीनने मशीन गाडीच्या फळीवर ठेवलं, हात पँटला पुसले आणि खिशातून फोन काढला. नंबर शोधताना बोट दोनदा चुकीच्या नावावर पडलं.

"काय चाललं सुनबाई?" पंजाबराव लांबून ओरडले. "आकडा उतरला का नाही?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पलीकडे रिंग वाजू लागली. एकदा, दोनदा. मग राजकुमार सरांचा झोपाळू आवाज आला, "हां, बोल मतीन."

मतीनने फोन कानाला आणखी दाबून धरला.

"स्पीकरवर टाका," वंदना म्हणाली.